दुसरा शिक्का

"विमानाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र वैमानिकाने स्वतःच्या हाताने बंद केलं." चौकशी समितीच्या अध्यक्षांनी चौथ्या सुनावणीतही तेच वाचलं, आणि समोर बसलेल्या वैमानिकाच्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विमान गायब होऊन सात महिने झाले होते. सरकारी खुलाशावर कुणाचाच विश्वास नव्हता, पण म्हणून कुणी तिच्या बाजूचं होतं असंही नाही. ती कपडे शिवायची. मापं द्यायला आलेली गिऱ्हाइकं फुकटचे तर्क ठेवून जायची. कुणी म्हणे नवऱ्याने विमान पळवलं, कुणी म्हणे विकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! ती दातओठ खाऊन शिवत राहायची. पण परवा नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "आई, बाबांनी मुद्दाम केलं का गं?" तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

आधार होता तो चष्मेवाल्या काकांचा. विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये उभी हयात घालवलेला हा माणूस, प्रवाशांचे नातेवाईक तिचं तोंडही बघत नव्हते त्या दिवसांत, आपणहून दारात आला होता. दर रविवारी शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसून ते तिला एकेक कागद समजावून द्यायचे. चहाला कधी हात लावला नाही. समितीपुढे तुम्हीच बोला म्हटलं, की नकारार्थी मान हलवायचे.

"तुम्ही विचारा, वहिनी. तुमचा हक्क आहे."

विमान उडालं त्याच सकाळी ते यंत्र बदलायचं होतं, हे त्यांनीच सांगितलं. बदलणारा कागदावर एक शिक्का मारतो, तपासणारा दुसरा. शिक्क्यावर नाव नसतं, नुसता नंबर. इथे दोन्ही शिक्के होते. म्हणजे यंत्र नवं, म्हणजे ते बिघडणार नाही, म्हणजे दोष वैमानिकाचा. सरकार सुटलं.

"नवी यंत्रं ठेवतात ते गोदामाचं कपाट उघडायला सांगितलं होतं मी," ती म्हणाली.

अध्यक्ष पाणी प्यायले. कपाट उघडलं होतं, असं ते म्हणाले. नवं यंत्र तिथेच होतं, सीलबंद खोक्यात.

मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संतापच.

"मग जुनंच यंत्र घेऊन विमान उडालं आणि ते बंद पडलं. माझ्या नवऱ्याने काही केलं नाही. हे लिहा. माझ्यासमोर लिहा."

अध्यक्षांनी लिहून घेतलं. पहिला शिक्का ज्याचा, तो फिटर मागेच वारला होता, असंही सांगितलं.

"आणि न बघता दुसरा मारणारा? एकशे बारा नंबर कुणाचा? कुणी साधी चौकशी केली नाही. त्याला बोलवा. माझ्या लेकीने सात महिने काय ऐकलं, ते त्याला ऐकू दे."

कारकून नोंदवही चाळू लागला. त्याला पान सापडता सापडेना. ती शेजारी बसलेल्या काकांकडे वळली.

"काका, हे तुमच्यामुळे झालं. पण आता त्याला सोडायचं नाही."

"नाही सोडायचं," काका म्हणाले, आणि खिशातून लाकडी मुठीचा एक लहानसा शिक्का काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला.