सत्यवतीच्या ओळी

धारगळच्या सगुणला कराओकेचा भारी नाद. बायकोनं, सत्यवतीनं, एका युगलगीतातल्या आपल्या ओळी मोबाइलवर गाऊन ठेवल्या होत्या. ती वारल्यापासून रोज दिवाबत्ती झाली की तो त्या लावायचा आणि मधल्या आपल्या ओळी म्हणायचा.

परवा गाता गाता त्याला खोकल्याची उबळ आली. संगीत वाजत राहिलं, पण तिचा आवाज थांबला.

"अवो, आदी पाणी पिया," मोबाइलमधून ती म्हणाली.

त्यानं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात नुसतं गाणंच होतं.

काल त्याच ओळीपाशी तो मुद्दाम खोकला. तिचा आवाज थांबला.

"खोटो खोकलो माका कळता हां," ती हसून म्हणाली.

या वेळी आवाज मोबाइलमधून नाही, त्याच्या खांद्यामागून आला.