लवूचं वजन

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, मुलुंडच्या एका कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर खिडकीतल्या एअरकंडिशनरसाठी बाहेरून लोखंडी चौकट ठोकून झाली आणि लवू कमरेचा दोर खांबाला बांधून, खिडकीबाहेर जाऊन तिच्यावर बसला. साठ किलोचं यंत्र ठेवण्याआधी साठ किलोचा लवू बसून बघायचा, ही त्याची बारा वर्षांची रीत होती. खाली नळावर बायका कपडे धूत होत्या. चौकट हलली नाही. "झालं ना रे? ये आत," खिडकीशी उभा असलेला त्याचा जोडीदार डेनिस म्हणाला. लवूला आत येऊन नुसतं आडवं व्हायचं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी त्यानं अजून कुणाला दाखवली नव्हती. त्यानं खाली पाहिलं. "हत्यारांची पेटी मांडीवर दे." "कशाला? तू साठ किलो आहेस ना?" "दिवाळीपर्यंत होतो." डेनिसचा हात पेटीवरच थांबला. "वहिनीला ठाऊक आहे?" "आधी पेटी दे."