नरनाळ्याच्या पायथ्याशी रोडगे

सुभद्रानं गोवरी उचलली, दगडावर दोनदा आपटली, आतून पडलेले किडे बोटानं अलगद बाजूला सारले आणि मगच ती गोवरी विस्तवासाठी रचली. मग दुसरी घेतली. वीस माणसांचे रोडगे, कणकेचे जाड गोळे, निखाऱ्यात भाजायचे होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

"किडे निवडून राहिली का वं?" तिचा नवरा देवीदास मागून ओरडला. "इथं मानसं भुकेनं मरून राहिली!"

"झालंच. जित्ता जीव कसा जाळू?"

त्यानं तिच्या कानशिलात भडकावली. ती गोवऱ्यांवर कोलमडली, उठली, पदर सावरला आणि उरलेल्या गोवऱ्या आपटू लागली.

वर्षापूर्वी तिनं रिद्धपूरला जाऊन महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. जीव मारायचा नाही, मांस शिवायचं नाही. तेव्हापासून तिचा हात मुंगीवरही उठत नव्हता. देवीदासला हे पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे त्याचा हात जरा जास्तच सैल सुटला होता.

त्या साली कापसानं तेल्हाऱ्याकडच्या लोकांची डोकी फिरवली होती. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई पेटली आणि इकडे बोंडाला सोन्याचा भाव आला. ज्यांचे बाप गोफण घेऊन रानडुकरं हाकलत आले, ते आता गाड्यांत तुपाचे बुधले आणि वांगी भरून सातपुड्यात, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी, शिकारीला येत होते. देवीदासची ठासणीची बंदूक महिन्याभराची होती. तिनं आजवर एक माठ फोडला होता.

त्याचा थोरला भाऊ जानराव बाकीच्या मंडळींना घेऊन नाल्याच्या वरच्या अंगानं हाका घालत, जनावर खाली हाकलत येत होता. नाल्याच्या तोंडाशी, गाड्यांपासून वीस पावलांवर, देवीदास उभा. बार काढला की झाडावर चढायचं, हे जानरावनं त्याला दहादा बजावलं होतं.

हाका जवळ आला. करवंदीची जाळी हलली आणि डुक्कर बाहेर पडलं. चांगलं वासराएवढं, अंगावर चिखलाचं कवच. देवीदासनं बार काढला. गोळी डुकराच्या पुठ्ठ्यात बसली.

तेवढ्या वेळात शहाणा माणूस झाडावर असता. पण नव्या बंदुकीचं कौतुक! नेम कुठं लागला ते पाहायला हा उभाच राहिला. धूर विरला तेव्हा डुक्कर त्याच्या अंगावर आलं होतं.

पहिल्याच मुसंडीत तो उताणा पडला. सुळा मांडीत शिरला आणि गुडघ्यापर्यंत फाडत आला. तो बंदुकीच्या दस्त्यानं डुकराच्या तोंडावर मारत होता, आणि डुक्कर मागं सरून पुन्हा पुन्हा धडका देत होतं.

"सुभद्रे! कुऱ्हाड! घाल थ्याच्या मस्तकात!"

कुऱ्हाड गाडीच्या चाकाला टेकवलेली होती. सुभद्रानं ती उचलली, धावत गेली आणि दोन हातांवर थांबली.

खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला वाटलं, इथंच उभं राहावं. आपण काही करायचं नाही. उपदेशच तसा आहे, डुकराचाही जीव घेता येत नाही. कोणी बोट दाखवलं असतं तर दाखवायला देव होता. गाल अजून चुरचुरत होता. ही सबब किती सोयीची आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिनं कुऱ्हाड घातली.

पहिला घाव चिखलावरून निसटला. डुक्कर तिच्याकडे वळलं. दुसरा मानेत बसला, पण पातं रुतून बसलं. तिनं डुकराच्या अंगावर पाय देऊन ते उपसून काढलं. तिसऱ्या घावाला त्याचे पुढचे पाय दुमडले. तिनं चौथा घातला, पाचवा घातला. रक्त तिच्या तोंडावर उडालं, परातीतल्या मळलेल्या पिठावर उडालं. डुकराचं ओरडणं थांबलं, तडफड थांबली. सुभद्राचा हात थांबला नाही. ती रडत होती, दात आवळून रडत होती आणि मारत होती. हे सगळे घाव डुकरासाठी नव्हते, हे तिला मारता मारता समजत होतं, आणि समजूनही तिचा हात थांबेना.

"मेलं थे," देवीदास म्हणाला. मग ओरडला, "मेलं नं थे! बस कर!"

ती थांबली. छाती भात्यासारखी चालली होती. डुकराच्या डोक्याच्या जागी डोकं राहिलं नव्हतं.

नवऱ्याच्या मांडीतून भळाभळा रक्त जात होतं. ते दिसताच ती भानावर आली. तिनं पदर दातांत धरून टर्रकन फाडला आणि मांडी आवळून बांधायला म्हणून त्याच्याकडे वळली.

देवीदासनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. फाटका पाय ओढत, ढुंगणावर सरकत तो मागं गेला, पार गाडीच्या चाकाला पाठ टेकेपर्यंत.

"नको," तो म्हणाला. "नको वं."

तोवर जानराव भाला घेऊन धापा टाकत आला. त्यानं डुक्कर पाहिलं, भावजय पाहिली आणि होता तिथंच उभा राहिला.

सुभद्रानं आपल्या हाताकडे पाहिलं. चिंधीबरोबर कुऱ्हाडही तिच्या मुठीत तशीच होती. तिनं ती लांब फेकून दिली. नवऱ्यासमोर गुडघे टेकले आणि चिंधी पुढं केली.

"भेऊ नका," ती म्हणाली. "मी जीव मारत न्हाई. तुमाले ठावूक हाये नं?"

देवीदासनं डोक्यावरचे हात काढले नाहीत.