तिळभर बाजूला

हरिबानं तेविसाव्या चकतीचं भोकही मधोमध न पाडता तिळभर बाजूला पाडलं, आणि त्याच्या जिवाला गार वाटलं.

टकळी नुसती गरकन फिरवली तर कुणाला काही कळलं नसतं. बोरीची गुळगुळीत दांडी, चकतीवर कोरलेलं ज्वारीचं कणीस. माणसानं बघत राहावं. पण लोकर लावून कातायला बसलं की ती लंगडणार आणि सूत तुटणार. अशा चाळीस करायच्या होत्या. गावच्या लोकर सोसायटीची सरकारी तपासणी होती; त्या दिवशी या टकळ्या साहेबांच्या हातून कातणाऱ्या बायकांना वाटल्या जाणार होत्या.

काम सांगितलं होतं सोसायटीचे चेअरमन अर्जुनरावांनी. याच माणसानं मागच्या उन्हाळ्यात चारा छावणीचं फाटक हरिबाच्या मेंढरांच्या तोंडावर लावून घेतलं होतं. तीन दिवसांत सगळा कळप फाटकाबाहेर आडवा झाला, गाभण मेंढ्यांसकट. तेव्हापासून हरिबाला एकच ध्यास होता. या चेअरमनचं चारचौघांत नाक कापायचं.

आणि अर्जुनराव आपल्या पायांनी दारात आले!

"टकळ्या करन्यात वडगावचा सटवा माझ्यापरीस तयार हाय. त्याला कावून न्हाई सांगितलं?" हरिबानं विचारलं होतं.

"माझा भरवसा तुमच्यावर हाय."

मेंढरांचं नावसुद्धा काढलं नाही. विसरला मेला, हरिबाला वाटलं. त्याची बोटं चिडून अधिकच सफाईनं चालू लागली.

बायको साखराबाई सोसायटीतच कातायला जायची. यंदाही दुष्काळ होता आणि गावच्या सगळ्या विहिरी खडखडीत; पाणी होतं ते फक्त सोसायटीच्या विहिरीला. ती जागा विहिरीसकट अर्जुनरावांच्या वडिलांनी, आबांनी, सोसायटीला दिलेली. कातणाऱ्या बाईला रोज दोन घागरी मिळायच्या, त्यावर चाळीस घरं तगून होती.

तिनं एक टकळी उचलून सूत धरलं.

"आवं, ही लंगडती की."

"नवी हाय. ठिव खाली."

तिनं नवऱ्याकडं नीट पाहिलं. "फाटकाचा राग टकळीवर काढू नगा," म्हणाली आणि घागर घेऊन निघून गेली.

हरिबानं ऐकलं नाही. चाळिसावी टकळीही तशीच केली.

तपासणीच्या दिवशी साहेबांसमोर बायका ओळीनं कातायला बसल्या. सूत तुटलं. जोडलं, पुन्हा तुटलं. चाळीस जणींची तीच गत. साहेब चढ्या आवाजात बोलत होते, अर्जुनराव खाली मान घालून उभे होते. मागं भिंतीला टेकलेल्या हरिबाला वाटलं, वर्षभराची आग आज विझली.

"हातभर सूत निघत नाही, तर सोसायटी चालवायची कशाला?" साहेबांनी तिथंच बंदचा शेरा मारला आणि जीप निघून गेली.

पडलेला चेहरा जवळून बघावा म्हणून हरिबा पुढं झाला. अर्जुनराव विहिरीजवळ होते. त्यांचे दोन गडी थारोळ्यावर, विहिरीकाठच्या दगडी कट्ट्यावर, पाण्याचं इंजिन बसवत होते आणि तिसरा त्यांच्याच उसाच्या फडाकडं पाइप ओढत होता. पाण्याला आलेल्या बायकांना त्यानं हातानंच मागं सारलं. त्यांत साखराबाईही होती.

"कातनं बंद पडलं तर जागा आमाला माघारी, आसं आबांनी लिवूनच ठिवलतं," अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी हरिबाच्या खांद्यावर हात ठेवला. "दुसऱ्या कुनी टकळ्या नीट केल्या आसत्या, हरिबा. म्हनून तर तुमच्याकडं आलतो."