चार मिनिटं मागे

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं वर्षभर राहून गेलं होतं. ‘माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, तुझी पुस्तकंही मावतील. कायमचाच ये,’ एवढंच तिनं लिहिलं होतं. आप्पा मुलाच्या घरी पॅसेजमधल्या खाटेवर झोपत आणि वाचायला दिवा लावायचा तरी आधी सुनेच्या तोंडाकडे बघत. शेवटी त्यांनी मनाचा हिय्या केला. प्रवासात वेळ कळावी म्हणून जुन्या बाजारातून चावीचं एक स्वस्तातलं मनगटी घड्याळ घेतलं. काच तडकलेली, काटे गंजलेले. हे दुरुस्त झालं की निघायचं, असं ठरलं.

घड्याळजीनं आधी स्प्रिंग बदलली, मग काच, मग काटे. दर खेपेला दोन दिवस गेले की आप्पा नवी खोड काढून दुकानात हजर.

“आता काय झालं?”

“दिवसाला चार मिनिटं मागे पडतं हो.”

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं. “आप्पा, साठ वर्षांचं घड्याळ आहे. या वयात तुम्ही तरी कुठे धावताय? आता यात बदलण्यासारखं काही उरलं नाही. घाला, आणि खुशाल गावाला जा.”

आप्पांनी घड्याळ मनगटावर बांधलं. तिथूनच ते पोस्टात गेले, कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकलं.



‘ताई, एक घड्याळ दुरुस्तीला टाकलं आहे. मिळालं की निघतोच.’