जावई बसला का?

"मेस्त्री, हा इथं काय करतोय?"

वर्कशॉपातल्या चष्मेवाल्या पोरीचा, ढापणीचा, आवाज चिरकला. टेबलावर काडेपेटीएवढा काळा डबा पडला होता. आणि विमान तर कधीच उडालं होतं.

वर्कशॉपात त्या डब्याला सगळे जावई म्हणायचे. विमानात विजेचा दाब एकदम उसळला की झटका हा डबा स्वतःवर घेतो, पुढची यंत्रं वाचतात. एरवी काडीचं काम नाही. नुसता बसून असतो, वर त्याचा मान राखायचा. म्हणून जावई. आज तपासणीसाठी त्याला बाहेर काढलं होतं आणि त्याच्या जागी साधी वायर जोडली होती.

"मी ओरडून विचारलं होतं तुम्हाला," ढापणी म्हणाली. "जावई बसला का? तुम्हीच म्हणालात ना, बसला, बसला!"

मेस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा त्यानं मान वर करून कॉकपिटकडं बघितलं होतं. तिथं त्याच्या पोरीचा नवरा पट्टा आवळत होता. खराखुरा जावई. तो बसलाच होता की.

दोघं रेडिओकडं धावले.

"मागं फिर!" मेस्त्री ओरडला. "आणि दुसऱ्या जनरेटरला हात लावू नको!"

"मामा, पहिला बंद पडलाय." खरखरीतून जावयाचा आवाज आला. "बॅटरी संपत आलीय. ढगात आहे, बाहेर नुसतं पांढरं. यंत्रांचे काटे गेले तर वर कुठं नि खाली कुठं तेसुद्धा कळायचं नाही. दुसरा लावावाच लागेल."

लावला की झटका येणार, आणि तो झेलायला मध्ये कुणीच नाही. काटे जळणार. नाही लावला तरी बंद पडणारच.

"थांब जरा," मेस्त्री म्हणाला. टेबलाशी गेला. डबा उचलून आणला आणि रेडिओसमोर खुर्चीत बसला.

"अहो, त्याला आता काय ओवाळताय?" ढापणी भडकली. "कशाला तरी जोडलाय का तो?"

मेस्त्रीनं मूठ आवळली. डब्याच्या दोन्ही पिना तळव्यात रुतल्या.

"मध्ये कुणीतरी पाहिजे ना," तो पुटपुटला. मग दुसऱ्या हातानं बटण दाबलं. "लाव आता."

रेडिओची खरखर थांबली. पंखा फिरता फिरता अडखळला. ढापणीच्या हातावरची लव ताठ उभी राहिली. काहीतरी करपल्याचा वास आला.

पंखा परत फिरायला लागला.

"मामा! लागला!" जावई हसत होता. "काटा थरथरलासुद्धा नाही! उगाच जीव खाल्लात राव माझा. येतो खाली, चहा टाका."

ढापणी मेस्त्रीकडं वळली. "ऐकलंत का? काही झालं नाही त्याला!"

मेस्त्री रेडिओकडं बघत होता. पापणी लवत नव्हती.

"मामा? ऐकताय ना?"

ढापणीनं त्याची मूठ धरली. बोटं एकेक करून सोडवावी लागली. डबा गार होता. नवाकोरा, साधा ओरखडा नाही. तळव्यावर मात्र दोन काळी भोकं पडली होती, आणि त्यांतून अजून धूर निघत होता.