इथं कोणी राहत नाही

"त्यांना सांग, या जमिनीवर कोणी राहत नाही," मंत्री दिगंबरराव म्हणाले आणि नकाशावर बोट टेकवून थांबले.

इग्नेशियसनं वाकून पाहिलं. वसईच्या खाडीपासून समुद्रापर्यंत तांबड्या पेन्सिलीनं मोठा चौकोन काढला होता. त्यात घरं दाखवली नव्हती. पण एक विहीर होती आणि तिच्याशेजारी क्रूस. त्यावरून त्यानं जागा ओळखली. कोळ्यांची बावीस घरं. तिसरं त्याच्या बहिणीचं, फ्लोराचं.

इग्नेशियस अकरा वर्षं आखातात एका अमीराच्या महालात स्वयंपाकी होता. अरबी तो तिथल्या मुदपाकखान्यातच शिकला. नाताळच्या सुट्टीवर आला होता. सकाळी मंत्र्यांची गाडी थेट दारात आली, ती त्याला या समुद्रकाठच्या बंगल्यावर घेऊन आली. इथं सरकारी दुभाष्या चालला नसता. समोर कोचावर बसलेला शेख त्याच अमीराचा धाकटा भाऊ होता, आणि बोलणं दोन सरकारांचं नव्हतं, दोन घराण्यांचं होतं. दिगंबररावांचा मुलगा लंडनला अमीराच्या मालकीच्या घरात राहत होता. अमीराच्या पैशानं वसईला हॉटेल होणार होतं, आणि कागदावर ते दिगंबररावांच्या सुनेचं असणार होतं. हे सगळं तासाभरात इग्नेशियसनंच इकडून तिकडे पोचवलं होतं. त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. मोठ्या लोकांच्या गोष्टी. नकाशा उघडेपर्यंत.

"सांग ना," दिगंबरराव म्हणाले.

इग्नेशियसनं नकाशावरून नजर उचलली. तो अरबीत म्हणाला, "शेख, मंत्री म्हणतात, इथं कोणी राहत नाही. पण इथं बावीस घरं आहेत. एकात माझी सख्खी बहीण राहते."

शेखनं कप खाली ठेवला. इतका वेळ त्यानं इग्नेशियसच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं.

"ठाऊक आहे मला," तो शांतपणे म्हणाला. "यांच्या मुलानंच लंडनला सांगितलं. घरं हलवायचं काम यांचं. नाहीतर त्या मुलाला माझ्या भावानं घर कशाला दिलं असतं?"

"काय म्हणाले?" दिगंबररावांनी विचारलं.

"म्हणाले, ठाऊक आहे."

दिगंबरराव मोकळेपणी हसले. "बघ! विश्वास असा असतो." शेखही हसला. दोघांनी एकमेकांचे हात बराच वेळ हातात धरून ठेवले.

निघताना शेखनं इग्नेशियसला दाराशी थांबवलं. "तुझ्या बहिणीला हवं तिथं घर मिळेल. मी यांना सांगतो. बाकीच्यांशी तुला काय करायचंय?" मग तशाच मऊ आवाजात म्हणाला, "सुट्टी संपली की ये. तुझा व्हिसा माझ्याच ऑफिसातून निघतो."

इग्नेशियसनं गाडी नको म्हटली. चालत किल्ल्यापर्यंत आला आणि तटाच्या सावलीत बसून राहिला. फ्लोराचं नवं घर त्याला स्पष्ट दिसत होतं. सिमेंटच्या भिंती, आत नळ, पावसाळ्यात जमिनीला ओल नाही. तेहतीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढलेल्या बाईला असं घर मिळालं, तर त्यात वाईट काय होतं? कोणाला कळणारही नव्हतं. तो उठला तेव्हा सावली सरकून ऊन त्याच्या पाठीवर आलं होतं.

पाड्यावर बाया बोंबील वाळत घालत होत्या. त्याला पाहून एकीनं ओरडून विचारलं, "काय रे, मंत्र्याच्या गाडीतून गेलास नि चालत आलास?"

"आमच्या नलाचं बोललास का त्याच्याशी?" दुसरीनं विचारलं. "पानी मिलंल म्हनाला का?"

सगळ्या हसल्या. आपला माणूस मंत्र्याशेजारी बसून आला, याचाच त्यांना आनंद होता.

फ्लोरा ओल्या हातांनीच पुढं आली. "बस. पानी देऊ? काय झालं रे, तोंड का असं?"

इग्नेशियस बसला नाही. "सगळ्यांना बोलाव," तो म्हणाला. "बावीसही घरांना."

"आधी मला तं सांग."

"नको. तुला एकटीला सांगितलं, तर बाकीच्यांना सांगायचं मला धैर्य होणार नाही."

फ्लोरानं एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पदराला हात पुसले, आणि पाड्याच्या पार टोकाच्या घरापासून हाका मारायला सुरुवात केली.